‘आधीपासून असंच चालतं’ हे उत्तर नव्हे



नवा भरती झालेला ट्रॅकमन पहिल्याच आठवड्यात विचारतो, “मुकादम, ब्लॉक मिळालेला नाही, मग फिशप्लेट कशी खोलायची?” उत्तर ठरलेले असते, “आधीपासून असंच चालतं. गाडी आली की बाजूला व्हायचं.” भुसावळ असो, इटारसी असो की खरगपूर, बोली बदलते, उत्तर बदलत नाही. वर्षभरात तो विचारायचा थांबतो, आणि पुढच्या पोराला तोच हे उत्तर देऊ लागतो.

‘नियमाप्रमाणे काम’ हे आपल्या चळवळीचे जुने हत्यार आहे. सर्वांनी नियमपुस्तकाबरहुकूम काम केले की गाड्या रखडतात आणि प्रशासन चर्चेला बसते. याचा सरळ अर्थ असा, की एरवीचे काम नियमाबाहेर चालते आणि ते वरपर्यंत सर्वांना माहीत असते. ज्या नियमाच्या पालनाने कारखाना थांबतो, तो नियम रोज कोण मोडतो आणि कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

ब्रॉडगेजवर गाडी थांबवावी लागेल असे काम असेल तर ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके, आणि लाल बावटा घेऊन माणसे उभी हवीत. पण तेवढी माणसे गँगमध्ये असतात कुठे? जागा रिकाम्या, गाड्या वाढलेल्या. ब्लॉक मागितला तर कंट्रोल सांगतो, “पुढची गाडी जाऊ द्या.” मग ‘अ‍ॅडजस्ट’ करायचे. ही सवय कामगाराच्या आळसातून आलेली नाही. ती कमी माणसांत जास्त काम उरकण्यातून आली आहे. मात्र रजिस्टरवर सही आपली असते.

१९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग उत्कल एक्स्प्रेस घसरली आणि वीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. तेथे रुळाचे काम चालू होते, पण संरक्षणाची व्यवस्था नव्हती आणि ड्रायव्हरला सूचना नव्हती. त्याच महिन्यात १३ कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्यांत बहुतेक ट्रॅकमन होते. वरिष्ठांपैकी काहींना निलंबित केले, काहींना रजेवर पाठवले. रजेवर गेलेला परत येतो, बडतर्फ झालेल्याची चूल विझते. तोंडी हुकूम चौकशीत साक्षीला येत नाही, हे त्यातून शिकायचे.

आणि प्रवासीच मरतात असे नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात नमूद केले आहे, की २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर मृत्यू पावले. हे आपलेच सोबती होते.

जुने ते सगळे टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. ड्रायव्हर आणि सहायक एकमेकांना मोठ्याने सिग्नल पुकारून सांगतात, स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण करतात, कीमन रोज आपला सेक्शन पायी तपासतो. या सवयी अपघातांच्या अनुभवातून आल्या आहेत. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी जिवाला जपतात. म्हणून प्रत्येक रिवाजाला एकच कसोटी लावावी: याने जीव वाचतो, की फक्त वेळ वाचतो?

पोस्टातील बंधूंनाही हीच कसोटी लागू आहे. मोठ्या कार्यालयात तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात, हा शहाणपणाचा रिवाज आहे. ‘विश्वासावर’ दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवणे ही घातक सवय आहे. रक्कम कमी भरली की वसुली दोघांच्या पगारातून निघते. ग्रामीण डाकसेवकाचे काम कागदावर चार किंवा पाच तासांचे. प्रत्यक्षात खाती उघडण्याचे टार्गेट गाठताना सूर्य मावळतो. हेही ‘आधीपासून असंच’.

मग करायचे काय? ब्लॉक नाकारला तर तो नाकारल्याची नोंद वेळेसह डायरीत करा. तोंडी हुकूम आला तर लेखी मागा. एकट्याने मागितले तर मेमो मिळेल, म्हणून संपूर्ण गँगने, संपूर्ण कार्यालयाने मिळून मागा. आणि शाखेच्या मासिक सभेत बदल्या व चार्जशीटच्या जोडीने दर महिन्याला एका तरी रिवाजाची चर्चा ठेवा. नव्या पोराला तेथे बोलू द्या. त्याच्या डोळ्यांवर अजून सवयीची झापडे चढलेली नसतात.

जुनी पद्धत हलत नाही, असे कोणी म्हटले तर बंगला खलाशाची आठवण द्या. साहेबाच्या घरी राबण्यासाठी माणूस देण्याची ही इंग्रजांच्या काळची प्रथा. ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वे बोर्डाने या जागांवरील नवी भरती थांबवली. साहेबांच्या बंगल्यातली प्रथा बदलू शकते, तर रुळावरची का नाही?

आठ तासांची पाळी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. ‘आधीपासून असंच चालतं’ हे उत्तर आपल्या आधीच्या पिढीने मान्य केले असते, तर ती मिळालीच नसती. उद्या नवा ट्रॅकमन प्रश्न विचारील तेव्हा त्याला गप्प बसवू नका. त्याच्या बाजूला उभे राहा.