सावधान म्हणणारा

मुहूर्त बारा पस्तीसचा, घड्याळात सव्वादोन. अंबड रोडवरच्या एका लॉनमध्ये मूठभर रंगीत ज्वारी घेऊन बसलो होतो. आमच्याकडे अक्षतांना तांदूळ फारसे कुणी घेत नाही, ज्वारीच. घामाने तिचा रंग तळव्याला लागलेला. नवरदेव अजून मारुतीच्या पारावर, डीजेपुढे. आणि स्टेजवर एक आवाज न वैतागता मान्यवरांची नावं घेतोय. "अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, वधूपित्यांनी त्यांचं स्वागत करावं. जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये."

आवाज ओळखीचा निघाला. आमच्या गल्लीतलाच पोरगा. डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता तिशीला टेकला. आता लग्नं लावतो.

सुरुवात एका मित्राच्या लग्नात झाली. ठरलेले भटजी आधीच्या लग्नात अडकले, तिथली वरातही नाचतच होती. "एका तिथीला पाच लग्नं आणि भटजी दोनच, काका," तो सांगतो. याने माइक हातात घेतला, पाठ असलेल्या मंगलाष्टका म्हटल्या. पुढे एका घराने सत्यशोधक पद्धतीने लग्न लावशील का विचारलं, तेव्हा मात्र बसून वाचावं लागलं. त्या पद्धतीत मुहूर्त नाही, आणि वधूवर स्वतःच्या तोंडाने एकमेकांना वचन देतात. नवरानवरी माइकसमोर लाजून गप्प झाले की काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. हा आदल्या दिवशी दोघांना फोनवर तालीम देतो.

पैशाचं विचारलं तर हसला. भटजींना दक्षिणा, निवेदकाला मानधन, वकिलाला फी. याच्या पाकिटाला नावच नाही. पहिल्या वर्षी टॉवेल, टोपी आणि नारळ. आता एकवीसशे सांगतो, घासाघीस होतेच. त्यातून लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. चातुर्मासात कोचिंग क्लासच्या पोरांची गणितं तपासतो.

या अनामिक धंद्याला इतिहास मात्र दांडगा आहे. जोतीराव फुल्यांनी 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधाबाईंचं लग्न ब्राह्मणाशिवाय लावलं, ते सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न. पुढे ओतूरला असंच लग्न झालं तर तिथले ग्रामजोशी कोर्टात गेले: आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा द्या! न बोलावलेल्या माणसाचा हा हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने निघायला 1926 उजाडलं. सीताराम केशव बोल्यांनी ते विधेयक लावून धरलं होतं. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियात लायोनेल मर्फी नावाच्या मंत्र्याने चर्चबाहेरची लग्नं लावायला साधी नागरिक माणसं नेमायला सुरुवात केली ती 1973 मध्ये. जोतीरावांनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तिथे त्या माणसाला प्रशिक्षण लागतं, सरकारी नोंदणी लागते.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखालची लग्नं लावायला सरकार कुणाला नेमत नाही. भारतीय बौद्ध महासभा बौद्धाचार्य तयार करते, पुण्यात ज्ञान प्रबोधिनी बायकांना आणि कुठल्याही जातीच्या माणसाला पौरोहित्य शिकवते. पण ही त्या त्या संस्थेची शिस्त. 1955 चा हिंदू विवाह कायदा विधी मागतो, विधी सांगणाऱ्याचं प्रमाणपत्र मागत नाही. आणि विधी मात्र पक्का मागतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने लग्न होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. (हे वाक्य त्या मारुतीच्या पारावर लावायला हवं.)

थोडक्यात, सगळं येऊन पडतं लग्न लावणाऱ्याच्या अंगावर. नोंदणीच्या ज्ञापनावर नवरानवरी आणि तीन साक्षीदार, त्यांच्याबरोबर पुरोहिताचीही सही लागते. लग्न अर्ध्या तासात उरकतं, सही मागायला मंडळी तीन वर्षांनी येतात, पासपोर्ट काढायची वेळ आली की. तोवर कुणाला लावणारा आठवत नाही, कुठे तो वारलेला असतो. आमच्या पोराने यासाठी दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, गाव, दोघांची जन्मतारीख, साक्षीदार.

जन्मतारीख कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो गंभीर झाला. 2006 च्या कायद्याप्रमाणे बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून तो शाळेची टीसी पाहिल्याशिवाय सुपारी घेत नाही. मागच्या वर्षी भोकरदनकडच्या एका गावात मुलीच्या बापाने टीसी दाखवली. सोळा पूर्ण. "ऊसतोडीला जायचंय, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" बाप खोटं बोलत नव्हता. याने नाही म्हटलं आणि निघताना अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं. लग्न थांबलं. त्या भावकीतल्या पुढच्या दोन सुपाऱ्याही गेल्या. "त्या बापाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, काका."

आमच्या जिल्ह्यात या कामाची एक जुनी आख्यायिका आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण ठोसर, जन्म 1608. बारा वर्षांचा असताना अंतरपाटापुढे उभा केला, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि मुलगा मांडवातून पळाला, तो पुढे समर्थ रामदास झाला. आजचा कायदा लावला तर नवरदेव सुटला, भटजी आत. कीर्तनकार पळणाऱ्याचं वर्णन रंगवून करतात. सावधान म्हणणाऱ्याचं त्या दिवशी पुढे काय झालं, दक्षिणा तरी मिळाली का, कुणी सांगत नाही.

तीनला नवरदेव आला. मामांनी नवरीला आणलं, पोराने माइकवर बोट टिचकावलं. बॅण्डवाल्याने सवयीने दुसऱ्याच मंगलाष्टकेला बार उडवला, निम्म्या मांडवाने तिथेच ज्वारी उधळून जेवणाकडे मोर्चा वळवला. उरलेल्यांसाठी तो पुढची मंगलाष्टका म्हणत राहिला, शेवटपर्यंत, न गाळता. मी मूठ तशीच ठेवली होती.