ओळख झाडापानांची : रानतुळस आणि सब्जा

महात्मा फुले मंडईतून पुदिन्याची जुडी आणली की एकदा तिची दांडी बोटांत फिरवून पाहा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि फुलाला दोन ओठ असतात. ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर ती वनस्पती बहुधा तुळशीच्या कुळातली समजावी. पुदिना, तुळस, सब्जा, पानओवा, रानातला कुंभा ही सारी एका कुळातली भावंडे. सागवान आणि निर्गुडी पूर्वी वेगळ्या कुळात धरत. १९९० नंतरच्या अभ्यासाने त्यांनाही याच कुळात आणले. सागाची कोवळी फांदीही चौकोनीच असते.

आमच्या शेजारच्या आजींनी हिवाळ्यात टेकडीवरून रानतुळशीचे बी गोळा केले. पाण्यात टाकले तर ते सब्जासारखेच फुगले. "मंडईत पैसे कशाला घालवायचे? उन्हाळ्यात नातवाला हेच देते," असे त्या म्हणाल्या.

पण रानतुळस म्हणजे सब्जा नव्हे. सब्जा उष्ण आशियातला, तर रानतुळस मूळची उष्ण अमेरिकेतली. लिनियसने १७५९ साली तिला शास्त्रीय नाव दिले. जुन्या पुस्तकांत ती 'हिप्टिस' आहे, आता तिला 'मेसोस्फेरम' म्हणतात. तिकडे मेक्सिकोत तिचे बी भिजवून पितात, म्हणजे ते विष नव्हे. पण ते लोक झाड ओळखून पितात, आपण नुसते नाव ऐकून. आपल्याकडे ती माळरानावर माजते. तिच्या उग्र वासामुळे जनावरे तिला तोंड लावत नाहीत.

फरक सोपा आहे. रानतुळशीच्या दांडीवर राठ केस असतात, जांभळट फुले पानांच्या बगलेत येतात आणि बी चपटे व मोठे असते. सब्जाचे तुरे शेंड्याला येतात आणि बी बारीक, काळे असते.

आजींनी ते बी टाकून दिले आणि मंडईतून सब्जा आणला. मात्र तोही पाण्यात पूर्ण फुगल्यावरच मुलांना द्यावा. कोरडे बी घशात फुगून अडकू शकते.

माताभगिनींनो, झाडाची पारख नावावरून करू नका. दांडी, पान, फूल आणि बी पाहा. मुलांनाही हेच शिकवा.