रानपिंगळ्याची साक्ष

यती, नेस सरोवरातील प्राणी आणि तत्सम अज्ञात जीवांचा नाद मलाही आहे, हे प्रथमच कबूल करतो. बिडकीनच्या घरात मराठी समीक्षाग्रंथांच्या शेजारीच या विषयाची पुस्तके आहेत. तेव्हा पुढील विधान घरभेद्याचे समजावे : आम्हा गूढप्रेमींच्या बहुतांश लेखनाने कुतूहलाची सेवा केलेली नाही, हानीच केली आहे.

या लेखनात एक युक्तिवाद हमखास येतो. नामशेष मानलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी महाराष्ट्रातच सापडला. मग यती का सापडू नये? साक्षीदार वजनदार खरा, पण उलटतपासणीत तो विरुद्ध पक्षाला जाऊन मिळतो.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये मिळाला. १८८४ नंतर विश्वासार्ह नमुना नाही. अपवाद एकच : रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ मिळवल्याचे सांगितलेला पक्षी. या नोंदीवर विसंबून तिकडे झालेले शोध व्यर्थ गेले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची चिकित्सा केली. तो एकोणिसाव्या शतकातलाच, संग्रहालयातून चोरून, मूळ खुणा पुसून, नव्या चिठ्ठीसह सादर केलेला निघाला. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खरे नमुने जिथून आले होते ते प्रदेश धुंडाळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, भर दिवसा रानपिंगळा दिसला.

हा विजय श्रद्धेचा की संशयाचा? पक्षी लपून बसला नव्हता. एका बनावट कागदाने त्याला लपवले होते. ‘शंका घेणारे अरसिक असतात’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ज्यांनी शंका घेतली त्यांनाच तो दिसला.

मराठीच्या प्राध्यापकाला यात नवल वाटू नये. आमच्या गावावरून जाणारा रस्ता पैठणला जातो. तिथल्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. प्रक्षिप्त ओव्या वगळणे हा त्यांनी ज्ञानेश्वरांचा अवमान मानला नाही. ती त्यांची भक्तीच होती. वर्गात आपण पाठचिकित्सा शिकवतो, प्रतीची परंपरा तपासायला सांगतो आणि घरी येऊन धूसर छायाचित्रावर विश्वास ठेवतो, ही विसंगती कशी समर्थनीय ठरावी?

नेस सरोवरातील प्राण्याचे १९३४ चे प्रसिद्ध छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेल्या मुंडक्याचे होते, हे १९९४ मध्ये उघड झाले. यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली : आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. यावर ‘तरीही गूढ कायम आहे’ असा समारोप करणे म्हणजे उत्तर मिळाल्यावर प्रश्नपत्रिका बदलणे होय.

यतीच्या दंतकथा जरूर वाचाव्यात, शिकवाव्यात. पण दंतकथा म्हणून. त्यांना पुरावा म्हणून उभे केले की कथाही बिघडते आणि शोधही. रानपिंगळा मात्र अजून संकटात आहे. त्याची जंगले आक्रसत आहेत. अज्ञात प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी सापडलेल्याला पुन्हा हरवू देऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी आहे काय?