वायर एकाची, सिम दुसऱ्याचे

घरचे फायबर आणि खिशातले सिम एकाच कंपनीकडून घ्यावे, हा सल्ला आता इतका सर्रास दिला जातो की तो तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. एकच बिल, एकच ॲप, तक्रारीला एकच क्रमांक, वर सवलत आणि चार ओटीटी फुकट. सल्ला देणारे सगळे कंपनीचे विक्रेते असतात असेही नाही. घरातले हिशेबी काका आणि सोसायटीतला संगणकवाला मुलगाही हेच सांगतो. म्हणून तो नुसता हसण्यावारी न्यायचा नाही, खोडून काढायचा आहे. माझे म्हणणे असे की वायर आणि सिम हे दोन वेगळ्या स्वभावाचे सौदे आहेत. त्यांची पारख वेगळ्या कसोट्यांवर करावी लागते आणि दोन्ही एकाच हाती देण्यात ग्राहकाचे नुकसान आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा सोयीचा आहे. पण ही सोय सगळे सुरळीत चालू असतानाची. बिघाडाच्या दिवशी ती अंगावर उलटते. कॅनडात 8 जुलै 2022 रोजी रॉजर्स कंपनीच्या मुख्य जाळ्यात देखभालीचे काम चुकले आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांची सेवा कोलमडली. मोबाइल आणि घरचे इंटरनेट दोन्ही एकाच गाभ्यावर चालत असल्याने दोन्ही एकदम गेले. इंटरॅक या तिथल्या पैसे-देवघेवीच्या जाळ्यावरचे डेबिट व्यवहार देशभर थांबले, काहींना 911 या आणीबाणीच्या क्रमांकावरही फोन लागेना. ज्यांच्या घरी दोन्ही सेवा याच कंपनीच्या होत्या त्यांना तक्रार करायलाही रस्ता उरला नाही. पुढे कंपनीनेच मोबाइल आणि इंटरनेटची मुख्य जाळी वेगळी करण्याचे जाहीर केले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो; येथे तर ठेच लागलेली कंपनीही शहाणी झाली. आपल्याकडे 5 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबई परिमंडळात जिओची मोबाइल सेवा काही तास ठप्प झाली होती. अशा वेळी घरात दुसऱ्या कंपनीची वायर असेल तर वाय-फायवरून कामे चालू राहतात. वायर तुटली तर दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिवस भागवतो. एकमेकांची उणीव भरून काढणे ही या दोन सेवांची खरी जोडी आहे आणि ती जमते दोघी वेगळ्या घरच्या असतील तेव्हाच.

दुसरा मुद्दा स्वस्ताईचा. एकत्र घेतले की स्वस्त पडते, असे म्हणणारे बहुधा बिलाचा शेवटचा आकडा पाहत नाहीत. मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जची किंमत करासकट सांगितली जाते, घरच्या ब्रॉडबँडची मात्र बहुतेक वेळा कर वगळून. म्हणून 699 रुपयांची जाहिरात वाचून घेतलेली योजना 18 टक्के जीएसटी धरून 824 रुपये 82 पैशांना पडते. मोबाइलचे 28 दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला 12 ऐवजी 13 रिचार्ज होतात. 84 दिवसांचा पॅक चार वेळा मारला तरी 336 दिवसच भरतात. दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवायला लावले, पण त्या शोधून काढाव्या लागतात. म्हणून तुलना करायची तर दोन्ही योजना करासह वर्षाच्या 365 दिवसांवर आणून करावी. मग त्या जोड-योजनेतून घरात कोणी पाहत नाही ते ओटीटी आणि कोणी लावत नाही तो डीटीएच वजा करावा. उरते ती खरी सवलत. फुकट ते पौष्टिक हे ठीक, पण येथे फुकटाचे पैसे आधीच भरलेले असतात.

तिसरा मुद्दा वेगाचा, आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती येथे. 300 एमबीपीएस म्हणजे 100 च्या तिप्पट चांगले, असे गृहीत धरले जाते. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार एचडी चित्रपटाला 5 आणि फोर-केला 15 एमबीपीएस पुरतात. दोघे मालिका पाहताहेत, एकीची ऑफिसची मीटिंग चालू आहे आणि मुलगा ऑनलाइन क्लासला बसला आहे, असे चौघांचे घर 50 मध्ये आरामात चालते. एमबीपीएस हे बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये; म्हणून 100 च्या जोडणीवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसते. त्यात कंपनीची लबाडी नाही, आठाने भागायचे राहून जाते इतकेच. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांना महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते, पण तिलाही घाबरायचे कारण नाही. एचडीला ताशी सुमारे 3 जीबी धरले तर ती संपायला 1100 तास लागतील आणि 30 दिवसांच्या महिन्यात तास असतात 720. बड्या आकड्याला भुलून महिन्याला दोन-तीनशे रुपये जादा भरणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

खंडनात आणखी एक गोष्ट घ्यायला हवी. 2023 पासून ‘एअरफायबर’ नावाने विकली जाणारी सेवा घरापर्यंत काचेची तार आणत नाही. गच्चीवर किंवा खिडकीत यंत्र बसते आणि ते बहुतेक ठिकाणी 5जी टॉवरशी बोलते. जिथे वायर पोहोचत नाही अशा वाडी-वस्तीत ती उपयोगी आहे, पण मोबाइलच्या गर्दीचा परिणाम तिच्यावर होतो. त्याच कंपनीचे सिम आणि त्याच कंपनीचे एअरफायबर घेतले तर दोन्ही एकाच टॉवरवर टांगलेले असू शकतात. वायर मिळत असेल तर वायरच घ्यावी.

आता मंडन. या विषयाची गोम अशी की सिम सहज बदलता येते, वायर सहज बदलता येत नाही. मोबाइल नंबर पोर्ट करण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे आणि 2015 पासून एका परिमंडळातून दुसऱ्यातही नंबर नेता येतो. 1900 वर एसएमएस करायचा, कोड घ्यायचा. डिसेंबर 2019 च्या नियमांनुसार त्याच परिमंडळात तीन कामकाजी दिवसांत नंबर नव्या कंपनीकडे जातो. 2016 नंतरच्या दरयुद्धात एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा ही नावे बाजारातून गेली, तरी असंख्य लोकांचे नंबर टिकले ते याच सोयीमुळे. घरच्या वायरला असे काही नाही. तिथे कंपनी बदलायची म्हणजे नवी तार, नवा बॉक्स, नवी अनामत आणि सोसायटीची परवानगी. एक सौदा सुटायला सोपा, दुसरा अवघड. दोन्हींची गाठ मारली की सुटायला सोपा तोही अवघड होतो. पोस्टपेडची थकबाकी असेल तर पोर्टिंगचा कोड मिळत नाही. एकत्र बिलात वायरच्या रकमेवरून वाद झाला तर नंबरही त्यात अडकण्याची भीती. ग्राहकाच्या हातातला हुकमाचा एक्का कंपनीला द्यायचा आणि बदल्यात एक ओटीटी घ्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

मग वायर कशी निवडावी? जाहिरात पाहून नव्हे, दुरुस्ती करणारा माणूस पाहून. बिलावर नाव कोणत्याही बड्या कंपनीचे असो, अनेक भागांत शेवटची तार ओढणारा स्थानिक केबलवाला किंवा कंत्राटदाराचा मुलगा असतो. शेजाऱ्यांना तीनच प्रश्न विचारा: मागच्या पावसाळ्यात सलग किती दिवस बंद होते? रविवारी फोन उचलतात का? रस्ता खोदला की जोडायला किती वेळ लागतो? आपल्या शहरांत फायबर झाडावरून खांबावर आणि खांबावरून गच्चीवर लोंबत जाते. जेसीबी, पाऊस, फांदीतोड आणि मिरवणुकीतला उंच देखावा, यांपैकी कशानेही ते तुटते. तुटले की बॉक्सवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो, म्हणजे प्रकाश येत नाही. मग पिशवीतून स्प्लायसिंग मशीन काढून केसाएवढ्या दोन काचतंतूंची टोके वितळवून जोडणारा माणूस हवा असतो. त्या क्षणी कंपनीच्या ब्रँडदूताचा काही उपयोग नाही.

जोडणी देताना तोच माणूस समोर असतो, तेव्हा त्याला दोन कामे सांगा. एक, पॉवर मीटर लावून प्रकाशाचा आकडा दाखवायला. उणे 20 डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम; उणे 27 च्या पलीकडे गेला तर जोडणी वारंवार तुटणार, तेव्हा जॉइंट पुन्हा करून घ्या. दोन, बॉक्स दाराशी न लावता घराच्या मध्यावर लावायला. तार दारात संपते म्हणून बॉक्स तिथेच ठोकून जायची त्यांची सवय असते. 5 गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान, पण सिमेंटच्या दोन भिंतींपलीकडे ते दमते, 2.4 लांब पोहोचते, पण मंद असते. आतल्या खोलीत वेग मिळत नाही म्हणून लोक वरची योजना घेतात, तेव्हा दोष योजनेचा नसून बॉक्सच्या जागेचा असतो. वीज जाणाऱ्या गावात बॉक्ससाठी छोटा 12 व्होल्टचा यूपीएस घ्या. आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. एक पावसाळा जाऊ द्या.

सिमची कसोटी याहून सोपी. कोणती कंपनी देशात पहिली हे विसरा. मुंबई परिमंडळ वेगळे, गोव्यासह उरलेला महाराष्ट्र वेगळा, आणि तुमचे स्वयंपाकघर त्याहून वेगळे. ओटीपी जिथे उभे राहून घ्यायचा तिथे कोणाचे सिग्नल येते ते पाहा. वाय-फाय कॉलिंगसाठी वायर त्याच कंपनीची लागते असे सांगणारे भेटतात. आज ते कोणत्याही वायरवर चालते. घरात दोन मोबाइल असतील तर निदान एक सिम वायरवाल्या कंपनीचे नको.

वायर आणि सिम यांच्या जोडीतून बचत होते, पण ती दुसऱ्याच वाटेने. घरात फायबर असताना दिवसभर घरी असणाऱ्या आजीला रोजचा दीड-दोन जीबी डेटा कशाला? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे स्वतंत्र पॅक द्यायला भाग पाडले आणि अशा पॅकची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली. हा पॅक दुकानदार आपणहून सुचवत नाही; मागून घ्यावा लागतो. ज्याला घरी वायर आहे त्याने सिमवरचा डेटा कमी करावा. त्यासाठी दोन्हींची कंपनी एक असण्याची गरज नाही.

यावर रास्त आक्षेप दोन. एकटा राहणारा, खोली भाड्याने घेतलेला विद्यार्थी दोन बिले कशी भरणार? त्याने भरूच नयेत. त्याला बहुधा चांगले सिम पुरते. आणि जिथे एकच कंपनी पोहोचते तिथे पर्याय कुठला? तो प्रश्न गावापुरता नाही. शहरांतल्या अनेक सोसायट्यांत बिल्डर किंवा समिती एकाच कंपनीला आत येऊ देते आणि तीनशे घरांची निवड तिथेच संपते. हे सभासदांनी चालवून घेऊ नये. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: इमारतीत किमान दोन कंपन्यांना तार टाकू द्यावी. दुसरी कंपनी दाराशी उभी असली की पहिलीचा लाइनमन रविवारीही फोन उचलतो.