पडदा काळा का पडला?

गेम ऐन रंगात आला अन् पडदा एकदम काळा! लगेच घरात सुरू, "नवीन ग्राफिक्स कार्ड आणा!" थांबा. आधी जरा तपासू या.

गेममध्ये हे कार्ड सेकंदाला साठ-साठ चित्रं रंगवतं, म्हणून ते तापतं. त्यात आपल्या वरोऱ्याचं ऊन! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, वर कोळशाची बारीक धूळ. ती पंख्यात बसली की उष्णता बाहेर जाणार कशी? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं तापमान दिसतं. गेम सुरू असताना ते ९० च्या पुढे गेलं, तर पहिला संशय धुळीवर. वायर काढून, आईबाबांना सोबत घेऊन डबा उघडा. पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडा. आणि हो, संगणक कुलरच्या तोंडाशी ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण शिंतोडे उडतात ना!

तापमान ठीक, तरी बंद पडतो? मग वीज पाहा. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. मोठ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी वायर लागते. ती सैल नाही ना? एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

नवा ड्रायव्हर टाकल्यापासूनच दुखणं असेल, तर जुना परत टाका. एका वेळी एकच बदल करा बरं का!

शेवटी कार्ड मित्राच्या संगणकात लावून पाहा. तिथेही पडदा काळा झाला, तरच बाबांकडे हट्ट धरा.