युद्ध संपते, शस्त्र उरते

युद्धाचा इतिहास लिहिताना तोफा, रणगाडे आणि विमाने यांची गणना होते. सैनिकाच्या कमरेच्या पिस्तुलाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लढाईचा निकाल पिस्तुलाने लागत नाही, हे खरेच आहे. अधिकारी, वैमानिक, रणगाड्यातील सैनिक अशा, लांब बंदूक बाळगणे ज्यांना अवघड, त्यांच्यासाठी ते अखेरच्या क्षणीचे संरक्षण असते. मात्र युद्ध संपल्यावर हेच छोटे शस्त्र फार दूरचा प्रवास करते. तोफ कोणी घरी नेत नाही. पिस्तूल खिशात मावते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याची ‘लुगर’ पिस्तुले कितीतरी अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून मायदेशी नेली.

अशाच एका लष्करी पिस्तुलाशी आपल्या देशाचे दुःख जोडलेले आहे. उत्तर इटलीतील बेरेट्टा हे घराणे 1526 पासून शस्त्रनिर्मिती करीत आले आहे. त्यांचे ‘मॉडेल 1934’ हे पिस्तूल इटलीच्या सैन्याने वापरले. मासिकेत सात गोळ्या, वजन पाऊण किलोहूनही कमी. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम केला, 1945 मध्ये महायुद्धही संपले. पण त्या जातीचे एक पिस्तूल ग्वाल्हेरमार्गे दिल्लीत पोहोचले आणि 30 जानेवारी 1948 रोजी सायंप्रार्थनेला निघालेल्या महात्मा गांधींवर नथुराम गोडसेने त्यातून तीन गोळ्या झाडल्या. विलायतेस जाण्यापूर्वी एका जैन साधूंच्या साक्षीने ज्यांनी मातेपुढे व्रते घेतली आणि श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासात ज्यांची अहिंसा दृढ झाली, त्या 78 वर्षांच्या महापुरुषाचा अंत परक्या सैन्यासाठी घडविलेल्या शस्त्राने झाला.

येथे कोणी विचारील, मग सैनिकाने शस्त्र धरूच नये काय? जैन विचार इतका एकांगी नाही. गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत आपले आचार्य भेद करतात. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडविणारा चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. देशरक्षणासाठी सीमेवर उभ्या असलेल्या जवानाविषयी आपल्या मनात आदरच असला पाहिजे.

प्रश्न आहे तो रक्षणाचे प्रयोजन संपल्यानंतरचा. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरण्ड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतील एक म्हणजे हिंसादान: हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. शस्त्र चालविणाराच तेवढा दोषी नव्हे, ते निष्कारण पुरविणाराही त्या दोषाचा वाटेकरी होतो, हे त्यामागील सूक्ष्म तत्त्व. बँकेत आयुष्य घालविलेल्या मला यात जामीनदार आठवतो. कर्ज त्याने घेतलेले नसते, तरी त्याची सही त्याला सोडत नाही. फरक एवढाच की कर्ज फिटले की खाते बंद होते. हातोहाती गेलेल्या शस्त्राचे खाते केव्हा बंद होईल, हे पहिला देणारा कधीच सांगू शकत नाही.

हा विचार राष्ट्रांना लागू आहे, तसा घरालाही. वडिलांच्या वा आजोबांच्या नावाचे परवानाधारक शस्त्र काही कुटुंबांत कपाटात पडून असते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ते परवान्याविना घरात ठेवता येत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ‘दादांची आठवण’ म्हणून ते ठेवून घेण्याचा मोह टाळावा. ठेवींना नामनिर्देशन करताना आपण वारसांची जितकी काळजी घेतो, तितकीच येथेही घ्यावी. दादांची आठवण त्यांच्या जपमाळेत, पोथीत, हस्ताक्षरात सुरक्षित राहील. ती पुढच्या पिढीच्या हाती निःशंक मनाने देता येते.