मका पेरण्याआधी गिऱ्हाईक ओळखा

दिघोरी परिसरात उन्हाळी धानाच्या बांध्यांमध्ये आता अधूनमधून मका दिसू लागला आहे. कारण उघड आहे. उन्हाळी धानाला पाणी फार लागते, मोटर रात्रंदिवस चालवावी लागते, आणि एवढं करून खरेदी केंद्रावर नंबरासाठी थांबावं लागतं ते वेगळंच. मक्याला धानाच्या निम्म्याहून कमी पाणी पुरतं आणि पीक चार महिन्यांत हाती येतं. त्यामुळे चौकशी करणारे शेतकरी वाढले आहेत. पण बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात. बियाणं कोणतं घ्यावं, आणि एकरी पोती किती होतील? मका घेणार कोण आणि कशासाठी, हे फारसं कोणी विचारत नाही. पेरणीआधी विचारायचा खरा प्रश्न तोच आहे.

आपण न खाता खातो

धान पिकवणारा स्वतः भात खातो. विकला गेला नाही तर घरी तरी कामी येतो. मक्याचं तसं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वाडीतले चार भुट्टे भाजून खाल्ले की मक्याशी संबंध संपला. तरीही मका रोज आपल्या पोटात जातो, पण वेगळ्या वाटेनं.

देशातल्या मक्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे कोंबडी. अंडी देणारी कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते आणि त्यात साधारण निम्मा मका असतो. म्हणजे एका अंड्यामागे ५०-६० ग्रॅम मका धरा. दुसरं गिऱ्हाईक स्टार्चचे कारखाने. तिथून निघालेला स्टार्च आणि ग्लुकोज बिस्किटांत, गोळ्या-चॉकलेटांत, औषधांत, कापड आणि कागदाच्या गिरण्यांत जातो. तिसरं गिऱ्हाईक नवं आहे, ते म्हणजे आपली मोटारसायकल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशानं २०२५ मध्ये गाठला. एक क्विंटल मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघतं. गाडीत दहा लिटर पेट्रोल भरलं आणि त्यातलं इथेनॉल सगळं मक्याचं असलं, तर टाकीत पाच किलोवर मका गेला म्हणून समजा.

भाव कसा चढला, कसा उतरला

डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं. कारखाने मक्याकडे वळले. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात सर्वांत मोठा वाटा मक्याचाच राहिला. भाव चढले, कोंबडीवाले ओरडू लागले, आणि एरवी मका बाहेर पाठवणाऱ्या आपल्या देशानं २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनमधून मका आणला.

पुढं काय झालं तेही बघा. चांगला भाव पाहून सगळीकडे पेरा वाढला. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये जाहीर झाला होता, पण २०२५ च्या खरिपाचा माल आला तेव्हा अनेक बाजार समित्यांत तो त्याच्या बराच खाली विकला गेला. शेजारच्या कर्नाटकात शेतकरी रस्त्यावर आले.

यामागचं गणित साधं आहे. मक्याच्या इथेनॉलचा दर सरकारनं २०२४ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे ठरवला. ३८ लिटरचे झाले २,७३० रुपये. त्यातून २,४०० चा मका, वाहतूक, कोळसा, मजुरी वजा करा. उरलेल्या चोथ्याचे, म्हणजे पशुखाद्याचे पैसे मिळतात म्हणून कारखाना चालतो. इथेनॉलचा दर बांधलेला असल्यानं कारखाना मक्याला एका मर्यादेपलीकडे भाव देऊच शकत नाही. त्यात जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊ केला. म्हणजे आपल्यासारख्यांकडून हमीभावानं घेतलेलं धान तांदूळ होऊन कारखान्याच्या दारात आपल्याच मक्यासमोर उभं राहतं. धानाचा कंटाळा आला म्हणून मका लावला, तरी धानानं पाठ सोडली नाही.

पोषणाचं काय?

मक्यात ताकद आहे, पण तो एकटा पुरा पडत नाही. त्यातल्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी असतं आणि नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पूर्वी पेलाग्रा रोग होत असे. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमायचं. मेक्सिकोतले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून खात आले, त्यामुळे ते यातून वाचले. आपल्याकडे मक्याची भाकर खायची तर सोबत वरण, दूध किंवा अंडं हवं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रथिनं सुधारलेले मक्याचे वाणही निघाले आहेत. त्या कामासाठी भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वासल यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला. आपल्या देशातलं एचक्यूपीएम-१ हे संकरित वाण त्याच प्रकारातलं आहे. अंगणवाडीच्या आणि कोंबडीच्या, दोन्ही खाद्यांना ते उपयोगी आहे.

आरोग्याचा मोठा धोका आहे तो ओल्या मक्यात. दाण्यात ओल राहिली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाव घालतं. असा मका गाईला चारला तर ते विष दुधात उतरतं. म्हणून बुरशीची कणसं जनावरांपुढं टाकू नका. व्यापारी ओला मका पाडून मागतो तेव्हा आपल्याला राग येतो, पण पोल्ट्रीवाला असा मका घेतला तर त्याची कोंबडी मरते, हेही खरं आहे.

मग करायचं काय?

सगळी उन्हाळी बांधी एकदम मक्याखाली घालू नका. पहिल्या वर्षी थोड्या क्षेत्रावर करून बघा. पाणी साचणारी बांधी टाळा आणि सरी-वरंब्यावर टोकण करा. पेरणी जानेवारीच्या आत संपवा. उशीर झाला तर तुरा एप्रिलच्या उन्हात सापडतो, पराग करपतात आणि कणसं अर्धवट भरतात. २०१८ पासून आलेल्या अमेरिकन लष्करी अळीसाठी पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पोंगे तपासा.

कणसाचं आवरण पिवळं पडून वाळलं आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की काढणी करा. मे महिन्यातल्या अवकाळीआधी ताडपत्रीची सोय ठेवा. विकताना ओल १४ टक्क्यांच्या आत हवी, साठवायचा तर १२. बाजारातला भाव आपल्या हातात नाही, पण ओल आपल्या हातात आहे.

ई-पीक पाहणीत मका नोंदवायला विसरू नका. सातबाऱ्यावर धान आणि बांधीत मका असं असेल तर हमीभावाच्या खरेदीत नाव लागणार नाही. गावचे महसूल अधिकारी, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, त्यांनी आणि सरपंचांनी ग्रामसभेत ही गोष्ट एकदा मोठ्यानं सांगावी. कोणत्या शिवारात किती मका आहे याची यादी गावाकडे तयार असेल, तर खरेदी केंद्राची मागणी वेळेत करता येते. आणि पाच-दहा जणांचा कोरडा माल एकत्र झाला, तर पोल्ट्रीवाल्याशी पेरणीआधीच बोलणी करता येतात. एकट्यानं अडत्यासमोर पोतं उघडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.